कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये २४ हजारांचा फरक येतोय. शिवाय एनपीव्हीत (निव्वळ वर्तमान मूल्यात) व्याज का धरत नाहीत?

नावेजमा_डोंबिवली

बीकॉम अकाउंटिंग अँड फायनान्स, दुसरं वर्ष. सराव पेपरमधला एक सम टॅली होत नाहीये. "मालमत्ता वाढली की वजा, देणं वाढलं की अधिक" हे पाठ आहे आणि साधे सम त्यावर सुटतात. पण खाली जादा माहितीचे पाच-सहा मुद्दे आले की शेवटी काहीतरी उरतंच. सगळे आकडे हजार रुपयांत. पहिला ३१ मार्च २०२४ चा, दुसरा ३१ मार्च २०२५ चा.

शेअर भांडवल: ५०० / ६००
सर्वसाधारण राखीव निधी: १०० / १३०
नफातोटा खात्याची शिल्लक: ८० / १२४
१२ टक्के डिबेंचर्स (कर्जरोखे): २०० / १५०
कराची तरतूद: ४० / ५०
क्रेडिटर्स (उधारीची देणी): ९० / ७६
एकूण: १०१० / ११३०

मशिनरी (घसारा वजा जाता): ५२० / ६१०
दीर्घ मुदतीची गुंतवणूक: १०० / ७०
माल शिल्लक: १५० / १८०
डेटर्स (उधारीची येणी): १४० / १६५
रोख व बँक: १०० / १०५
एकूण: १०१० / ११३०

जादा माहिती: वर्षाचा घसारा ७०. पुस्तकी किंमत ६० असलेलं मशिन ४५ ला विकलं. ३० ची गुंतवणूक ४२ ला विकली. वर्षात कर ३८ भरला. डिबेंचर्सची परतफेड ३१ मार्च २०२५ रोजी, दर्शनी किमतीला. नवीन शेअर्सपैकी ४० चे शेअर्स एका मशिनच्या किमतीपोटी विक्रेत्याला दिले, बाकीचे रोखीने, सगळे दर्शनी किमतीला. प्रस्तावित लाभांश (टिपेत दिलेला): ३१ मार्च २०२४ ला ५०, ३१ मार्च २०२५ ला ६०.

मी असं केलं: नफा ४४ + राखीव निधी ३० + लाभांश ५० + कराची तरतूद ५० = १७४. त्यात घसारा ७०, मशिनवरचा तोटा १५ मिळवला, गुंतवणुकीवरचा नफा १२ वजा केला: २४७. माल, डेटर्स, क्रेडिटर्स मिळून ६९ वजा: १७८. कर ४० वजा: १३८.
इन्व्हेस्टिंग: ४५ + ४२ − २२० = उणे १३३.
फायनान्सिंग: १०० − ५० − व्याज २४ − लाभांश ५० = उणे २४.
एकूण उणे १९. ताळेबंदात मात्र रोख ५ ने वाढलीय. फरक २४.

दुसरा प्रश्न फायनान्शियल मॅनेजमेंटचा. एनपीव्हीच्या गणितात घसारा परत मिळवतात ते कळलं, पण कर्जाचं व्याज तिथे धरतच नाहीत. कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये व्याज दाखवायचं आणि इथे नाही, असं का?

खतावणी_ताई

२४ चा फरक म्हणजे डिबेंचर्सचं वर्षभराचं व्याज, २०० वर १२ टक्के. करपूर्व नफा निघतो तोच व्याज वजा होऊन. तू फायनान्सिंगमध्ये ते पुन्हा वजा केलंस, म्हणजे एकच खर्च दोनदा गेला. व्याज फायनान्सिंगमध्ये दाखवायचं असेल तर आधी ऑपरेटिंगमध्ये घसाऱ्याच्या शेजारी २४ अधिक करायला हवं. फरक लगेच जातो.

पण तेवढंच दुरुस्त करून पेपर दिलास तर टॅली होऊनही मार्क जातील. या उत्तरात आणखी दोन चुका आहेत आणि त्या स्वतःच स्वतःला झाकतात.

पहिली कराची. तू तरतूद ५० मिळवलीस आणि ४० भरले असं धरलंस. तरतुदीची अखेरची शिल्लक ही या वर्षीची तरतूद आणि सुरुवातीची शिल्लक हा भरलेला कर, हा नियम भरलेल्या कराचा आकडा दिलेला नसतानाचा आहे. इथे ३८ भरल्याचं सांगितलंय, तेव्हा खातं उघडायलाच हवं:

नावे: बँक ३८, अखेरची शिल्लक ५०, बेरीज ८८
जमा: सुरुवातीची शिल्लक ४०, नफातोटा खाते ४८ (हा निघालेला आकडा), बेरीज ८८

म्हणजे नफ्यात ४८ मिळवायचे आणि कर म्हणून ३८ वजा करायचे. तुझ्या रीतीने निव्वळ परिणाम ५० − ४० = १०, बरोबर रीतीने ४८ − ३८, तोही १०. म्हणून फरकात ही चूक दिसली नाही. करपूर्व नफा मात्र १७४ लिहिला गेला, तो १७२ हवा.

दुसरी शेअर्सची. विक्रेत्याला दिलेले ४० चे शेअर्स म्हणजे एक पैसाही आला-गेला नाही. एएस ३ (कॅश फ्लो स्टेटमेंटचं लेखा मानक) प्रमाणे असा व्यवहार स्टेटमेंटमध्ये येत नाही, त्याची माहिती वेगळी खाली द्यायची. तू १०० आले आणि २२० गेले असं लिहिलंस. दोन्हीत ४० फुगवलेले, म्हणून इथेही मेळ बसला. मशिनरी खातं असं:

नावे: सुरुवातीची शिल्लक ५२०, शेअर भांडवल ४०, बँक १८० (निघालेला आकडा), बेरीज ७४०
जमा: घसारा ७०, बँक (विक्री) ४५, नफातोटा (विक्रीतला तोटा) १५, अखेरची शिल्लक ६१०, बेरीज ७४०

आता पूर्ण उत्तर.

करपूर्व नफा १७२ (४४ + ३० + ५० + ४८)
अधिक: घसारा ७०, मशिन विक्रीचा तोटा १५, डिबेंचर व्याज २४
वजा: गुंतवणूक विक्रीचा नफा १२
खेळत्या भांडवलातल्या बदलांआधी: २६९
माल (३०), डेटर्स (२५), क्रेडिटर्स (१४): कंसातले आकडे वजा
कामकाजातून आलेली रोख: २००
वजा कर: (३८)
ऑपरेटिंग: १६२

इन्व्हेस्टिंग: मशिन विक्री ४५, गुंतवणूक विक्री ४२, मशिन खरेदी (१८०) = (९३)
फायनान्सिंग: शेअर्स ६०, डिबेंचर परतफेड (५०), व्याज (२४), लाभांश (५०) = (६४)

१६२ − ९३ − ६४ = ५. सुरुवातीची रोख १००, अखेरची १०५.

"वाढलं की वजा" हा नियम फक्त माल, डेटर्स, क्रेडिटर्स यांच्यापुरता वापर. जिथे वर्षभरात एकापेक्षा जास्त गोष्टी घडल्यात (मशिनरी, कर, गुंतवणूक, राखीव निधी) तिथे नुसत्या दोन शिलकांच्या फरकाला अर्थ नसतो, खातं उघडल्याशिवाय आत काय घडलं ते कळत नाही. मशिनरीच बघ: ताळेबंदात फरक ९० चा दिसतो, आणि त्या ९० मध्ये खरेदी, विक्री, घसारा, तोटा असं सगळं दडलेलं आहे.

पेपरात याचंच जरा अवघड रूप येतं: मशिनरी मूळ किमतीला आणि साठलेला घसारा वेगळा. तेव्हा खाती दोन उघडायची. विकलेल्या मशिनची मूळ किंमत १०० आणि त्यावरचा साठलेला घसारा ४० असेल तर मशिनरी खात्याच्या जमेला पूर्ण १०० जातात आणि घसारा खात्याच्या नावेला ४०. ही ४० ची नोंद बहुतेक जण विसरतात. मग या वर्षीचा घसारा ७० ऐवजी ३० निघतो आणि नफ्यापासून सगळंच घसरत जातं.

पै_न_पै

ताईंचं उत्तर चोख. व्याजाबाबत दोन गोष्टी जोडतो, कारण परीक्षक नेमके तिथेच बदल करतात.

एक, परतफेडीची तारीख. इथे वर्षाच्या शेवटच्या दिवशी आहे म्हणून २४. तीच १ ऑक्टोबरला असती तर पहिले सहा महिने २०० वर १२ आणि नंतरचे सहा महिने १५० वर ९, एकूण २१. तारीखच दिली नसेल तर काय गृहीत धरलंय ते वर्किंग नोटमध्ये एका ओळीत लिहा. गृहीतक लिहिलेलं असलं की मार्क सहसा कापत नाहीत.

दोन, थकलेलं व्याज. ताळेबंदात अखेरीला "देय व्याज ६" असं असेल आणि सुरुवातीला काहीच नसेल, तर ऑपरेटिंगमध्ये २४ च अधिक करायचे, कारण नफ्यातून २४ गेलेत. फायनान्सिंगमध्ये मात्र १८, कारण भरलेत तेवढेच. आणि हे ६ क्रेडिटर्सबरोबर खेळत्या भांडवलात धरायचे नाहीत, नाहीतर पुन्हा ६ चा फरक उरतो.

कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट दिला असेल तर एएस ३ वर आधारलेल्या पेपरात तो कर्ज म्हणून फायनान्सिंगमध्ये जातो. इंड एएस ७ (आंतरराष्ट्रीय मानकांवर बेतलेलं भारतीय मानक) मध्ये थोडं वेगळं आहे: मागणी करताच फेडावा लागणारा आणि रोजच्या रोख व्यवहाराचा भाग असलेला ओव्हरड्राफ्ट रोखीतच धरतात. प्रश्नात कुठलं मानक म्हटलंय ते आधी वाचा.

नावेजमा_डोंबिवली

थँक्स ताई, थँक्स दादा. खाती उघडून पुन्हा केलं, ५ आले. एक शंका: ३१ मार्च २०२५ चा प्रस्तावित लाभांश ६० कुठेच आला नाही. माझ्याकडच्या एका जुन्या गाइडमध्ये अखेरचा प्रस्तावित लाभांश नफ्यात मिळवलाय आणि सुरुवातीचा फायनान्सिंगमध्ये दाखवलाय. मग कोणतं बरोबर?

खतावणी_ताई

गाइड जुनं आहे. एएस ४ (ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटनांचं मानक) मध्ये २०१६ साली बदल झाला. त्याआधी संचालक मंडळाने सुचवलेला लाभांश त्याच वर्षाच्या ताळेबंदात तरतूद म्हणून यायचा. म्हणून ६० त्या वर्षीच्या नफ्यातून गेलेले असायचे आणि ५० मागच्या तरतुदीतून भरलेले. त्या पद्धतीत गाइडचं उत्तर बरोबरच होतं.

आता वार्षिक सभेत भागधारकांनी मंजूर करेपर्यंत ते कंपनीचं देणंच नाही. त्यामुळे मार्च २०२५ चे ६० फक्त टिपेत राहतात. मार्च २०२४ चे ५० मात्र २०२४-२५ मधल्या सभेत मंजूर झाले, त्याच वर्षी नफ्यातून वजा झाले आणि त्याच वर्षी दिले गेले. म्हणून तेच ५० दोन्हीकडे: वर अधिक, खाली वजा.

यातही एक खाच आहे. मंजूर झालेल्या ५० पैकी ४ भागधारकांनी घेतलेच नाहीत आणि "न दिलेला लाभांश" म्हणून चालू देण्यांत दिसत असतील, तर नफ्यात ५० मिळवायचे, फायनान्सिंगमध्ये ४६. थकलेल्या व्याजासारखंच.

जुन्या गाइडमध्ये लाभांश वितरण कर सापडला तर तोही सोडून दे, १ एप्रिल २०२० पासून कंपनीवरचा तो कर गेला. कंपनी अकाउंट्सचं पुस्तक घेताना आवृत्तीचं साल बघत जा. सेकंडहँड पुस्तक कॉस्टिंगसाठी चालून जातं, कराच्या विषयांना अजिबात नाही.

सवलतीचा_दर

दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावलेला दिसत नाही, म्हणून लिहितो.

कॅश फ्लो स्टेटमेंट झालेल्या गोष्टींची नोंद आहे: पैसा कुठून आला, कुठे गेला, त्यात बँकेला दिलेलं व्याजही आलं. एनपीव्हीत प्रश्न वेगळा असतो. हा प्रकल्प पैसे पुरवणाऱ्या सगळ्यांचं समाधान करून वर काही उरवतो का? पैसे पुरवणाऱ्यांना काय द्यावं लागतं ते आपण ज्या दराने डिस्काउंट करतो त्या दरातच बसलेलं असतं. मग रोख प्रवाहातूनही व्याज काढलं तर ते दोनदा जाईल, तुमच्या पहिल्या गणितातल्या २४ सारखं.

मशिन ५,००,०००, आयुष्य ५ वर्षं, भंगार किंमत शून्य, घसारा सरळ रेषेने, घसारा व कर यांच्या आधीची वार्षिक कमाई १,६०,०००, कर ३० टक्के, भांडवलाचा खर्च १० टक्के.

कमाई १,६०,०००
घसारा १,००,०००
करपूर्व ६०,०००, कर १८,०००, करोत्तर ४२,०००
घसारा परत: वार्षिक रोख १,४२,०००
पाच वर्षांचा ॲन्युइटी घटक (पाचही वर्षांच्या डिस्काउंट घटकांची बेरीज) ३.७९१, आजचं मूल्य ५,३८,३२२
एनपीव्ही: अधिक ३८,३२२

आता समजा सगळे पाच लाख कर्जाऊ, व्याज वर्षाला ५०,०००. कराची बचत धरून व्याजाचा भार ३५,०००. तो वजा केला तर वार्षिक रोख १,०७,०००, मूल्य ४,०५,६३७ आणि एनपीव्ही उणे ९४,३६३. चांगला प्रकल्प कागदावर बुडीत निघाला. कराचा फायदाही दराच्या बाजूला घेतात: १० टक्के व्याजाचं कर्ज ३० टक्के कर असताना ७ टक्क्यांना पडतं, आणि डब्ल्यूएसीसी (भांडवलाचा भारित सरासरी खर्च) काढताना हे ७ वापरतात.

व्याज वजा करायची एक रीत आहे, पण मग सगळंच बदलतं: सुरुवातीची रक्कम फक्त मालकांनी घातलेली, प्रवाहातून व्याज आणि मुद्दलाचे हप्ते दोन्ही वजा, आणि दर मालकांच्या भांडवलाचा. अर्धी ही रीत, अर्धी ती, असं करू नये. पदवीच्या पेपरात स्पष्ट विचारलं नसेल तर पहिलीच वापरा.

घसाऱ्याबद्दल "परत मिळवतात" एवढंच लक्षात राहतं, म्हणून आडवं तपासून बघा: १,६०,००० चे ७० टक्के म्हणजे १,१२,०००, अधिक घसाऱ्याने वाचलेला कर ३०,०००. पुन्हा १,४२,०००. घसाऱ्याने रोख येत नाही, कर वाचतो. प्रत्यक्षात आयकरात प्लँट-मशिनरीला सर्वसाधारण १५ टक्के, तोही घटत्या शिलकेवर. म्हणजे पहिल्या वर्षी घसारा १,००,००० नसून ७५,००० आणि कराची बचत २२,५००. अशा वेळी ॲन्युइटी घटक चालत नाही, प्रत्येक वर्ष वेगळं डिस्काउंट करावं लागतं.

आयआरआर (ज्या दराला एनपीव्ही शून्य होते तो दर) विचारला तर १२ टक्क्यांना ३.६०५ ने ११,९१० उरतात, १३ ला ३.५१७ ने ५८६ कमी पडतात. मध्ये काढला की सुमारे १२.९५ टक्के.

सगळ्यात जास्त मार्क खेळत्या भांडवलावर जातात. याच प्रकल्पात सुरुवातीला मालात-उधारीत ६०,००० अडकणार असतील तर ते वर्ष शून्यला वजा आणि पाचव्या वर्षाअखेर परत. नफ्यात नाही, करात नाही. परत येणाऱ्या ६०,००० चं आजचं मूल्य ०.६२१ ने ३७,२६०, म्हणजे खरा भार २२,७४० आणि एनपीव्ही १५,५८२ वर येते. पाचव्या वर्षी ते परत घ्यायला विसरलात तर उत्तर उणे २१,६७८ येतं आणि निष्कर्षच उलटतो.

पै_न_पै

एक्सेलवर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी: तिथलं एनपीव्ही फंक्शन पहिल्याच आकड्याला एक वर्ष मागे आणतं. त्यामुळे वर्ष शून्यचे उणे पाच लाख फंक्शनच्या कंसात घालायचे नाहीत. कंसात फक्त १ ते ५ वर्षं, आणि वर्ष शून्यचा सेल बाहेर मिळवायचा. कंसात घातलं तर ३८,२९२ ऐवजी ३४,८११ येतात. चिन्ह तेच राहतं म्हणून शंकाही येत नाही. (तक्त्याने ३८,३२२ आणि एक्सेलने ३८,२९२ हा फरक फक्त घटक तीन दशांशांपर्यंत घेतल्याचा आहे, त्यात चूक शोधत बसू नका.)

नावेजमा_डोंबिवली

हे कळलं. शेवटचं विचारतो. प्रोजेक्टसाठी एका लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल घेतलाय. त्यात ताळेबंदातल्या डेटर्सचा फरक आणि कॅश फ्लोमधला डेटर्सचा बदल जुळतच नाही. कंपनीचं चुकलंय असं तर नसेल ना?

ताळा

सहसा चुकलेलं नसतं. कारणं साधारण ठरलेली असतात. बुडीत उधारीसाठी केलेली तरतूद नफ्यात वेगळी परत मिळवलेली असते, तेवढी डेटर्सच्या बदलात धरत नाहीत. परकी चलनातली येणी वर्षाअखेरच्या दराने मांडतात, त्या नफ्यातोट्याचीही वेगळी ओळ असते. वर्षात एखादी कंपनी विकत घेतली असेल तर तिचे डेटर्स ताळेबंदात येतात, पण ते उधारीवर माल विकून वाढलेले नसतात. त्यांचा पैसा "कंपनी खरेदी" म्हणून इन्व्हेस्टिंगमध्ये गेलेला असतो. म्हणून प्रोजेक्टला एकत्रित पत्रकं सोडून कंपनीची स्वतंत्र पत्रकं घ्या, यातला बराच गुंता तिथे नसतो.

लिस्टेड कंपनीत सेबीच्या नियमामुळे अप्रत्यक्ष पद्धतच सापडेल, म्हणजे वर्गातल्या मांडणीसारखी नफ्यापासून सुरू होणारी. मात्र मानक इंड एएस ७ असेल. कर्जाच्या देण्याचा सुरुवातीपासून अखेरपर्यंतचा मेळ टिपांमध्ये तक्त्याने दिलेला असतो, तो आधी काढा. त्यात रोखीचे आणि रोखीविना झालेले बदल वेगळे असतात. आणखी एक ओळ वर्गात सहसा भेटत नाही: भाडेपट्ट्याच्या देण्याची परतफेड. इंड एएस ११६ लागू झाल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०१९ पासून, दुकानांचं किंवा ऑफिसचं बरंचसं भाडं ऑपरेटिंगमधून फायनान्सिंगमध्ये गेलं. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची ऑपरेटिंग रोख शेजारी ठेवून "कंपनी सुधारली" असं लिहू नका. भाड्याच्या दुकानांची साखळी असेल तर ही उडी चांगलीच मोठी दिसते.

लहान कंपनी निवडली असती तर कदाचित स्टेटमेंटच मिळालं नसतं. एक व्यक्ती कंपनी, लघु कंपनी आणि सुप्त कंपनी यांना कंपनी कायदा २०१३ मध्ये त्यातून सूट आहे.

सरावासाठी मात्र वरचाच सम एका शीटवर मांडा, म्हणजे झाकलेल्या चुकाही सापडतील. ताळेबंदातली रोख सोडून प्रत्येक बाबीला एक ओळ. रकाने पाच: बदल, ऑपरेटिंग, इन्व्हेस्टिंग, फायनान्सिंग, रोखीविना. मालमत्ता वाढली तर बदल उणे, देणं वाढलं तर अधिक. प्रत्येक ओळीत पुढच्या चार रकान्यांची बेरीज पहिल्या रकान्याइतकी यायला हवी.

मशिनरी: बदल उणे ९० = ऑपरेटिंग ८५ (घसारा ७०, तोटा १५), इन्व्हेस्टिंग उणे १३५ (विक्री ४५, खरेदी १८०), रोखीविना उणे ४०.
शेअर भांडवल: १०० = फायनान्सिंग ६०, रोखीविना ४०.
गुंतवणूक: ३० = ऑपरेटिंग उणे १२, इन्व्हेस्टिंग ४२.
राखीव निधी व नफा मिळून: ७४ = ऑपरेटिंग १२४ (१७२ वजा कराचे ४८), फायनान्सिंग उणे ५०.
कराची तरतूद: १० = ऑपरेटिंग ४८ वजा ३८.
डिबेंचर्स: उणे ५० = फायनान्सिंग उणे ५०.
माल उणे ३०, डेटर्स उणे २५, क्रेडिटर्स उणे १४: तिन्ही ऑपरेटिंगमध्ये जसेच्या तसे.
व्याज: ताळेबंदात काही नाही, म्हणून बदल शून्य = ऑपरेटिंग २४, फायनान्सिंग उणे २४.

खाली बेरजा १६२, उणे ९३, उणे ६४, आणि रोखीविनाच्या रकान्यात शून्य. शेवटच्या रकान्यात शून्य आलं नाही तर शेअर्स-मशिनसारखा व्यवहार एकाच बाजूला धरला गेलाय. तुमच्या पहिल्या उत्तरात व्याजाच्या ओळीला ऑपरेटिंगचा रकाना रिकामा राहिला असता. कराच्या ओळीत ४८ चे ५० केलेत तर बेरीज १० ऐवजी १२ येईल आणि ३८ जागेवर असतील तर चूक तिथेच पकडली जाईल. पण ५० आणि ४० अशी जोडी घातलीत तर ही शीटही गप्प बसते. तिथे भरलेल्या कराचा आकडा प्रश्नात परत वाचून टिक करावा लागतो.